तक्त्यापासून चष्म्यापर्यंत

साठी ओलांडलेला माणूस कोणत्याही कारणाने प्राथमिक आरोग्य केंद्रात आला, तर त्याने डोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नसलं तरी त्याची नजर तपासावी का? बहुतेक जण ‘अर्थातच’ म्हणतील. पण ज्यांना हे काम रोज करावं लागेल आणि ज्यांनी त्यावरचे अभ्यास वाचले आहेत, त्यांच्यात या प्रश्नावर खरे मतभेद आहेत. ते मी इथे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातले आहेत. मामा जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेले नेत्रशल्यचिकित्सक आहेत, भाची ग्रामीण भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी. व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांनी पुढे केलेले अभ्यास आणि आकडे खरे आहेत.

मामा : तुझ्या केंद्राच्या हद्दीत लोकसंख्या किती?

भाची : निकषाप्रमाणे, 30 हजारांच्या आसपास.

मामा : 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं जवळपास 10 टक्के होती. म्हणजे तुझ्याकडे तीन हजार तरी असतील. त्यांच्यापैकी कितीजणांना नीट दिसत नाही, सांगता येईल?

भाची : नाही येणार. रक्तदाबाचे किती, मधुमेहाचे किती, गोळ्या कोणी सोडल्या, हे सांगेन. डोळ्यांची नोंद असते ती मोतीबिंदूसाठी पुढे पाठवलेल्यांची.

मामा : माझी तक्रार तिथेच आहे. 2015 ते 2019 मध्ये देशभर जे अंधत्व सर्वेक्षण झालं, त्यात पन्नाशीपुढच्या लोकांत 1.99 टक्के अंध आढळले. त्यातलं 66.2 टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होतं. ज्या आजाराचं ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत होतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी पट्टी काढून बघायला लागतो, त्या आजाराने आजही दोन-तृतीयांश अंधत्व यावं? राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. एवढ्या वर्षांत आपण शस्त्रक्रिया खूप वाढवल्या, पण आपल्यापर्यंत येणाराच माणूस आपल्याला दिसतो. न येणारा घरात बसून आंधळा होतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. साठीपुढच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तक्त्यासमोर उभं करा.

भाची : मामा, ऐकायला हे बरोबर वाटतं. पण असं करून पाहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये 75 वर्षांपुढच्या लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास 2003 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. फॅमिली डॉक्टरांचे 20 दवाखाने घेतले होते. काही ठिकाणी सरसकट सगळ्यांची नजर तक्त्यावर तपासली, काही ठिकाणी तब्येतीच्या बऱ्याच कुरबुरी असलेल्या मोजक्यांचीच. तीन ते पाच वर्षांनी दोन्हीकडची नजर मोजली, तर काहीच फरक नव्हता. 2022 साली अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक आरोग्य सेवा कार्यदलानेही सांगितलं, की तक्रार नसलेल्या 65 वर्षांपुढच्या लोकांची प्राथमिक पातळीवर नजर तपासण्याची शिफारस करायला पुरेसा पुरावा नाही.

मामा : पुरावा अपुरा आहे, असं म्हटलंय त्यांनी. तपासू नका, असं कुठेही म्हटलेलं नाही.

भाची : मान्य. पण माझ्याकडे हात मोजके आहेत. लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, साथीचे आजार, शिवाय सकाळची ओपीडी. तीन हजार माणसांना प्रत्येकी दहा मिनिटं दिली तर पाचशे तास होतात. एवढा वेळ काढायचा, तर त्यातून लोकांना जास्त दिसायला लागेल याची मला खात्री हवी.

मामा : ते पाचशे तास एकट्या तुझ्या माथी कशाला? साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई असते. तिच्या वाट्याला साठीपुढची शंभर माणसं येतील. म्हणजे आठवड्याला दोन. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, सिस्टर आहेत. एक ‘ई’चा तक्ता, मोजून घेतलेलं अंतर, एक डोळा झाकायला पुठ्ठा, एवढं सामान पुरतं. त्यात पिनहोलची भर घाल. बारीक छिद्रातून पाहिल्यावर नजर सुधारली तर बहुधा चष्म्याचा नंबर. नाही सुधारली तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा, नसेचा आजार असू शकतो, त्याला पुढे पाठव. हे शिकायला डॉक्टर असावं लागत नाही.

भाची : आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात धूसर दिसतं का, वाचायला त्रास होतो का, डोळा लाल आहे का, दुखतो का, हे प्रश्न आहेतच. ‘हो’ म्हणेल त्याला तपासू. तेवढं पुरेसं नाही का?

मामा : नाही पुरत. म्हातारं माणूस ‘दिसतं की’ म्हणतं आणि ते खोटंही बोलत नसतं. नजर वर्षानुवर्षं हळूहळू उतरते आणि माणूस त्याप्रमाणे आपलं जगणं आखडतं घेतो. आजी तांदूळ निवडायचं काम सुनेकडे देते. आजोबा तिन्हीसांजेनंतर देवळात जायचं बंद करतात. गोळ्यांच्या पट्ट्या नावावरून न ओळखता रंगावरून ओळखतात, आणि कंपनी बदलली की गोंधळ होतो. यातलं काहीही त्यांना डोळ्यांची तक्रार वाटत नाही. वय झालं, एवढंच वाटतं. एक डोळा पूर्ण गेलेली माणसं दुसऱ्या डोळ्यावर वर्षं काढतात आणि पहिला गेल्याचं कळतच नाही, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. तू ज्या अमेरिकन कार्यदलाचा दाखला दिलास, त्याच कागदपत्रांत प्रश्नावलीपेक्षा तक्त्यावरची तपासणी अधिक अचूक म्हटली आहे.

भाची : हे मला पटतं. फॉर्ममधल्या ‘नाही’वर मी विसंबून राहणार नाही. पण मग ब्रिटनमध्ये फरक का पडला नाही?

मामा : तिथे साठीनंतर डोळे मोफत तपासून मिळतात, चष्म्याचं दुकान कोपऱ्यावर असतं. ज्यांना जायचं होतं ते आधीच गेले होते. आपल्याकडे आयुष्यात एकदाही तक्ता न पाहिलेली माणसं गावोगाव आहेत. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा कसा लावणार?

भाची : मी उलट म्हणेन. चष्म्याचं दुकान कोपऱ्यावर असूनही, तपासणीत दोष सापडलेले अनेक जण पुढे गेलेच नाहीत. काहींना गरज वाटली नाही, काहींना खर्च नको होता. हे तिथे झालं. माझ्याकडे तर चिठ्ठी दिल्यावर पुढे काय होतं पाहा. ग्रामीण रुग्णालयातला नेत्र चिकित्सा अधिकारी ठरावीक दिवशीच भेटतो. म्हातारीला एकटं एसटीत बसता येत नाही. मुलाचा रोज बुडतो. पोचल्यावर रक्तदाब जास्त, साखर जास्त, म्हणून तारीख पुढे ढकलतात. दोन खेपांनंतर ती म्हणते, आता किती दिवस राहिलेत माझे, राहू दे. आणि माझ्या रजिस्टरला मात्र लिहिलेलं असतं : तपासले, संदर्भित केले. आकडा भरला. तिला पूर्वी जेवढं दिसत होतं तेवढंच दिसतंय.

मामा : हं.

भाची : मामा, मला तपासणीची भीती नाही. अर्ध्यावर सोडलेल्या तपासणीची आहे. माणसाला ‘तुला दोष आहे’ असं सांगायचं आणि पुढे हात वर करायचे, यापेक्षा न तपासलेलं बरं असं मला कधी कधी वाटतं. आणि अपायही होऊ शकतो. सिडनीत सत्तरीपुढच्या अशक्त वृद्धांवर अभ्यास झाला, 2007 साली प्रसिद्ध झाला. एका गटाचे डोळे तपासून गरजेप्रमाणे नवे चष्मे दिले. वर्षभरात त्या गटातलं पडण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या सुमारे दीडपट निघालं.

मामा : तो अभ्यास मला ठाऊक आहे. त्यातला धडा चष्मा कसा द्यायचा याचा आहे. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा नंबर एकदम फार बदलला, की पायऱ्यांची उंची, जमिनीचं अंतर, सगळंच वेगळं भासतं. नंबर बेताबेताने बदलावा. पहिले काही दिवस बसून वापरायला सांगावं. दुहेरी काचेचा चष्मा असलेल्याला पायरी उतरताना खालच्या काचेतून पाऊल धूसर दिसतं, ते त्याला समजावून द्यावं. आणि दुसरी बाजूही बघ. नॉटिंगहॅममध्ये सत्तरीपुढच्या बायकांवर अभ्यास झाला, 2005 साली. काहींचं पहिल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिनाभरात केलं, काहींना नेहमीसारखं वर्षभर थांबावं लागलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांत पडण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमी झालं. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी पुन्हा पूर्वीसारखी हिंडती होणं किती अवघड, हे तू रोज बघतेस.

भाची : म्हणजे नजर सुधारली की फायदा होतो, यावर आपलं दुमत नाहीच. चष्म्याचं म्हणाल तर आसामच्या चहामळ्यांतला 2018 चा अभ्यास मला फार आवडतो. चाळिशीपुढच्या पानं खुडणाऱ्या कामगारांना फक्त जवळचा साधा चष्मा दिला आणि त्यांचं काम 21.7 टक्क्यांनी जास्त वाढलं. लॅन्सेट आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत उपचार न केलेल्या दृष्टिदोषाची भर घातली, तेही मी वाचलंय. माझा प्रश्न एवढाच, की तक्ता आणि सुधारलेली नजर यांच्यामधला रस्ता कोण बांधणार?

मामा : तू हा प्रश्न विचारतेस ते बरं करतेस. आमच्या पिढीने तो पुरेसा विचारला नाही. आमच्यावर वर्षाच्या ऑपरेशनांचं उद्दिष्ट असायचं. किती केली, हे विचारलं जायचं. केलेल्यांना सहा आठवड्यांनी किती दिसतं, हे क्वचितच कोणी विचारायचं. पूर्वी तर भिंग बसवत नसत, ऑपरेशननंतर जाड काचेचा चष्मा मिळायचा. तो फुटला, हरवला की माणूस पुन्हा आंधळा. पण आकड्यात ते ऑपरेशन यशस्वीच.

भाची : आता मोजमाप बदलतंय. 2021 मध्ये जागतिक आरोग्य सभेने 2030 साठी जी उद्दिष्टं ठरवली, ती ‘परिणामकारक व्याप्ती’ची आहेत. चष्म्याची गरज असलेल्यांपैकी किती जणांना चष्मा मिळून खरोखर नीट दिसू लागलं, हे मोजायचं. मोतीबिंदूचंही तसंच. ते प्रमाण चष्म्यात 40 आणि मोतीबिंदूत 30 टक्केबिंदूंनी वाढवायचं आहे.

मामा : मग हेच मोजमाप तुझ्या केंद्राला लाव. तू म्हणतेस तो रस्ता बांधायचा म्हणजे काय काय करायचं?

भाची : पहिलं, जवळचा चष्मा केंद्रातच मिळायला हवा. राष्ट्रीय कार्यक्रमात ज्येष्ठांना जवळचा चष्मा मोफत देण्याची तरतूद आहे, पण तरतूद असणं आणि कपाटात चष्मे असणं यांत अंतर आहे. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणणाऱ्या बाईला चिठ्ठी कशाला? तिथल्या तिथे दोन-तीन नंबर लावून पाहायचे, वाचता आलं तो द्यायचा. दुसरं, दूरची नजर कमी असलेल्याला मोघम सल्ला द्यायचा नाही. तारीख ठरवायची, गावातल्या चार-पाच जणांना एकत्र न्यायचं, गाडी ठरवायची, आणि त्याआधी आठवडाभर माझ्याकडे त्यांचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात आणायची, म्हणजे तिथून परत पाठवणार नाहीत. तिसरं, ऑपरेशन झाल्यावर सहा आठवड्यांनी त्याच तक्त्यासमोर पुन्हा उभं करायचं आणि दिसलेली ओळ लिहून ठेवायची.

मामा : तिसरं फार मोलाचं आहे. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी भिंगामागचा पापुद्रा धुरकट होतो. लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला, आणि गप्प बसतात. लेसरचं पाच मिनिटांचं काम असतं. तुझ्या तक्त्यावर ते सापडेल. आता माझ्याकडून एक भर. जी माणसं केंद्रात येतच नाहीत त्यांच्यापासून सुरुवात कर. बाईचा मोतीबिंदू पुरुषापेक्षा जास्त काळ घरात राहतो, आपल्या देशात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यातही विधवा, एकटी राहणारी, अंथरुणाला खिळलेली. ती कधीच आपणहून येणार नाही. आशाताईने तिच्या अंगणात तक्ता टांगावा.

भाची : आणि त्या कामाचा आशाताईला वेगळा मोबदला मिळावा. प्रत्येक नवं काम तिच्या माथी मारायचं आणि सेवाभावाचं कौतुक करायचं, हे मला मान्य नाही.

मामा : शंभर टक्के. पण काचबिंदूचं काय? तो चोरासारखा येतो. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, कडेची आधी जाते. तक्त्यावर खालची ओळ वाचणारा माणूसही निम्मा आंधळा असू शकतो. आणि गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. मला तरी वाटतं, साठीपुढच्या सगळ्यांचा डोळ्याचा दाब तपासावा.

भाची : इथे मी नाही म्हणेन. नुसता दाब मोजून काचबिंदू कळत नाही. दाब वाढलेल्या अनेकांना तो आजार नसतो, आणि आजार असलेल्या अनेकांचा दाब मोजाल तेव्हा योग्यच भरतो. त्यासाठी नस पाहावी लागते, नजरेचं क्षेत्र मोजावं लागतं. माझ्या पातळीवर सरसकट चाळणी लावली, तर निरोगी माणसांची रांग जिल्ह्याला जाईल आणि खऱ्या रुग्णाला तारीख मिळणार नाही. ज्यांच्या आईवडिलांना, भावाबहिणीला काचबिंदू आहे, ज्यांना जाड उणे नंबर आहे, जे मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालतात, त्यांना मी नक्की पाठवेन.

मामा : सरसकट तपासणीचा आग्रह मला अजून पूर्ण सोडवत नाही. हातातून निसटलेले काचबिंदू आठवतात. पण तुझी यादी योग्य आहे. तिच्यात मधुमेही घाल.

भाची : ते तर सगळ्यात आधी. मधुमेहाने पडदा खराब व्हायला लागलेला असतानाही तक्त्यावर नजर उत्तम येऊ शकते. त्यांच्यासाठी तक्ता पुरत नाही, पडद्याचा फोटो हवा, वर्षातून एकदा. माझ्या मते संपूर्ण रस्त्याचं हे सर्वांत चांगलं उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये मधुमेहींना नियमित बोलावून पडद्याचा फोटो काढतात, दोष निघाला तर उपचार ठरलेला असतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की इंग्लंड आणि वेल्समध्ये किमान पाच दशकांत प्रथमच, कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या क्रमांकाचं कारण मधुमेह उरला नव्हता.

मामा : म्हणजे त्याच देशात नुसता तक्ता अपयशी ठरला आणि बोलावण्यापासून उपचारापर्यंत सलग चाललेली तपासणी यशस्वी झाली.

भाची : तेच म्हणतेय मी सुरुवातीपासून.

मामा : पण अगं, रस्ता पूर्ण झाल्याशिवाय तक्ता लावायचाच नाही, असं म्हणशील तर रस्ता कधीच होणार नाही. कितीजण आंधळे बसलेत हे कळलं नाही, तर गाडी किती मागायची, चष्मे किती मागायचे, हे तरी कशाच्या आधारावर सांगशील? मोजणीने मागणी उभी राहते.

भाची : हे मला मान्य करावं लागेल. मग असं करते. एका उपकेंद्रापासून सुरुवात. तिथल्या साठीपुढच्या प्रत्येकाची एकदा तपासणी. पण जेवढ्यांचं पुढचं सगळं पार पाडता येईल तेवढेच दर महिन्याला घ्यायचे. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना वाढवते : उपचारानंतरची नजर. तो भरल्याशिवाय नाव पूर्ण झालं असं धरायचं नाही.

मामा : आणि एक गोष्ट तपासणीची वाट न पाहता आजच सगळ्यांना शिकव. अचानक दिसेनासं झालं, डोळ्यापुढे विजा चमकल्या, डोळा लाल होऊन डोकं ठणकलं आणि उलट्या झाल्या, तर पित्त म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघणं बंद. ती जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनची अट होती. आता फार पिकलेला मोतीबिंदू काढणंच अवघड जातं. माणसाला त्याच्या कामापुरतं दिसेनासं झालं, की वेळ आली.

दोघांचा वाद इथे थांबवतो. काचबिंदूबद्दल त्यांचं एकमत झालेलं नाही आणि ते ओढूनताणून घडवण्याची गरजही नाही. मला स्वतःला भाचीचा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या आरोग्यव्यवस्थेत तपासलेल्या माणसांचे आकडे भरपूर असतात, पण दिसू लागलेल्यांचे सहसा कोणी मागत नाही. ते मागण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला आहे, आपल्यालाही आहे. आपल्या गावच्या केंद्रात जवळचे चष्मे आहेत का, नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी येतो, गेल्या वर्षी पाठवलेल्यांपैकी किती जणांचं ऑपरेशन झालं आणि आज त्यांना किती दिसतं, हे प्रश्न विचारायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

घरात साठीपुढचं माणूस असेल तर सुरुवात आजही होऊ शकते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर त्यांना ठरावीक अंतरावर बसवा. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून तारखा वाचायला सांगा. दोन डोळ्यांत फरक पडला किंवा आपल्याला सहज दिसतं ते त्यांना दिसलं नाही, तर त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन जा. या साध्या तपासणीने काचबिंदू किंवा मधुमेहाचा पडदा कळणार नाही, म्हणून मधुमेह असेल किंवा घरात कोणाला काचबिंदू असेल तर सगळं वाचता आलं तरीही न्या. आणि घेऊन जाल तेव्हा नुसती चिठ्ठी घेऊन परतू नका. चष्मा नाकावर बसेपर्यंत किंवा ऑपरेशननंतर त्याच तारखा वाचून दाखवेपर्यंत त्यांच्याबरोबर राहा.